पहिला पंधरवडा

आहाराच्या बाबतींत मनुष्यजातीचे दोन मोठे वर्ग पाडतां येतात: उद्यांपासून सुरुवात करणारे आणि कालच सोडून दिलेले. या दोहोंच्या मध्यें एक तिसरा, अगदीं चिमुकला वर्ग आहे. तो नव्या आहाराच्या पहिल्या पंधरवड्यांत सांपडलेल्या माणसांचा. पहिल्या वर्गाजवळ उत्साह असतो, दुसऱ्याजवळ अनुभव असतो. या तिसऱ्याजवळ मात्र डोकेदुखीवांचून फारसें कांहीं नसतें. त्याची बाजू कोणी तरी मांडावयास हवी. आणि गेल्या वर्षीं त्या वर्गांत आम्हीं स्वतः पंधरा दिवस काढले असल्यामुळें तो अधिकार आम्हांस थोडाबहुत पोंचतो.

ज्या आहाराविषयीं आम्ही बोलत आहों, त्याला हल्लीं घरोघर 'कीटो' या सुटसुटीत नांवानें ओळखतात. त्याचें तत्त्व थोडक्यांत असें: भात, पोळी, साखर, बटाटा यांतून मिळणारें पिष्ट व शर्करा यांचें प्रमाण दिवसाकाठीं साधारणपणें 20 ते 50 ग्रॅमपर्यंत खालीं आणावयाचें, प्रथिनें बेताचीं ठेवावयाचीं, आणि बाकीची भूक स्निग्ध पदार्थांवर भागवावयाची. पिष्टाचा पुरवठा असा तुटला म्हणजे यकृत चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें बनवूं लागतें, आणि एरवीं साखरेवर पोसला जाणारा मेंदूहि त्यांवर आपला बराचसा निर्वाह करतो. ही युक्ति आजची नव्हे. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. रसेल वाइल्डर यांनीं 1921 सालीं अपस्माराच्या रोग्यांसाठीं ती सुचविली. आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या अपस्मारावर ती आजहि योजतात. वजन व रक्तांतील साखर उतरविण्यासाठीं तिचा झालेला बोलबाला मात्र पुष्कळ अलीकडचा.

आमचें प्रयोजन या दुसऱ्या प्रकारचें होतें. आमच्या वडिलांनीं आयुष्याचीं शेवटचीं सहा वर्षें वर्तमानपत्र कानांनीं वाचलें. मधुमेहानें त्यांची दृष्टि नेली होती, आणि रोज सकाळीं अग्रलेख मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे असे. म्हणून, आमच्या रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनीं "अजून औषध नको, पण वजन उतरवा," असें जेव्हां सांगितलें, तेव्हां तो उपदेश आम्हांस केवळ पोटाच्या घेराविषयींचा वाटला नाहीं. त्यांनीं दाखविलेल्या दोनतीन मार्गांतून हा मार्ग आम्हीं निवडला, आणि त्यांच्याच देखरेखीखालीं आरंभ केला.

पहिले दोन दिवस नव्या नवलाईंत गेले. तिसऱ्या दिवशीं डोकें जड झालें, पोटऱ्यांत गोळे येऊं लागले, आणि स्वभाव असा कांहीं तिखट झाला कीं मुलें आमच्या खोलीवरून पाय न वाजवितां जाऊं लागलीं. घरांत निदान तत्काळ झालें. "पोटांत अन्नाचें शीत नाहीं, मग दुसरें काय होणार?" असें मातोश्री म्हणाल्या, आणि आपल्याकडे पुष्कळ घरांत 'अन्न' म्हणजे भातच समजला जात असल्यामुळें त्या निदानास भाषेचाहि पाठिंबा होता.

डॉक्टरांचें निदान निराळें होतें. शरीर पिष्टाची शिल्लक यकृतांत व स्नायूंत सांठवितें. ती फार तर अर्ध्या किलोच्या आसपास असते. परंतु तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणीहि सांठलेलें असतें. पिष्ट बंद होतांच ही शिल्लक खर्चीं पडते आणि पाणी मोकळें होतें. शिवाय रक्तांतील इन्शुलिन उतरल्यामुळें मूत्रपिंडें मीठ धरून ठेवीनाशीं होतात. पहिल्या आठवड्यांत वजनाचा कांटा झपाट्यानें खालीं येतो तो मुख्यतः या पाण्यामुळें, आणि डोकें दुखतें तें पुष्कळ अंशीं या गेलेल्या मिठामुळें. एकाच कारणाचीं हीं दोन अपत्यें. पण मनुष्य एकाचें बारसें करतो आणि दुसऱ्याच्या नांवानें बोटें मोडतो. आमचा रक्तदाब ठीक असल्यामुळें दिवसांतून दोनदां पालकाचें पातळ सार, नेहमींपेक्षां अधिक मीठ घालून, पिण्यास त्यांनीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं डोकें उतरलें. पंगतींत पानावर पहिल्यानें मीठ वाढण्याची आपली रीत आम्हांस त्या दिवशीं विशेष गोड वाटली. मात्र रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडें यांचा विकार असणारांनीं हा उपाय डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये.

आमच्याबरोबरच आमच्या एका स्नेह्यांनींहि हें व्रत घेतलें होतें. त्यांची तक्रार अगदीं उलट होती: डोकें दुखत नाहीं, वजन हलत नाहीं, आणि लघवींत बुडवून रंग पाहावयाची पट्टी कांहीं केल्या रंग पालटीत नाहीं. "भात नाहीं, पोळी नाहीं, आतां आणखी काय सोडूं?" असें ते काकुळतीनें विचारीत. आमच्या सौभाग्यवतींनीं त्यांस एक वही दिली आणि तोंडांत जाणारा प्रत्येक पदार्थ तींत लिहावयास सांगितला. चौथ्या दिवशीं ती वही बोलूं लागली. दुधाचे पांच चहा. शंभर मिलिलिटर दुधांत सुमारें 5 ग्रॅम शर्करा असते, तेव्हां एवढ्यानेंच बराच हिशेब भरला. मटकीची उसळ पौष्टिक खरी, पण तींत प्रथिनांहून पिष्टच अधिक. आणि या सर्वांवर कळस म्हणजे एकादशी! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण नुसत्या मापापुरती नाहीं. साबुदाणा, वरई, बटाटा, रताळें हें आपलें उपवासाचें सैन्य म्हणजे पिष्टाचीच फौज होय. ज्या दिवशीं त्या गृहस्थांनीं धर्माप्रमाणें उपवास केला, त्याच दिवशीं नव्या आहाराचा उपवास पुरता मोडला. आणि दोषी कोणीच नव्हतें.

तिसरी अडचण भयाची. तेलातुपाला भिऊन वागावें असें आपल्या दोनतीन पिढ्यांनीं डॉक्टरांकडून ऐकलें आहे. त्यामुळें कित्येक माणसें भात सोडतात आणि तुपालाहि हात लावीत नाहींत. मग चार दिवस उपाशी राहून पांचव्या दिवशीं भाकरीच्या टोपलीवर तुटून पडतात. याच्या उलट कित्येकांस तूप अमर्याद खाल्लें तरी वजन उतरेल असें वाटतें. तेंहि खरें नव्हे. शाकाहारी घरांत पेंच आणखी वाढतो, कारण आपलीं प्रथिनें डाळींत आणि डाळींत पिष्ट. तेथें पनीर, टोफू, ओला नारळ, आणि चालत असल्यास अंडीं, यांवर भिस्त ठेवावी लागते. भाकरीबरोबर कोंडाहि जात असल्यामुळें पोट साफ होत नाहीं. त्यासाठीं पालेभाज्या, दोडका, वांगीं, जवसाची चटणी आणि भरपूर पाणी.

या सर्व अडचणींवर उत्तरें आहेत. जिच्यावर कोणत्याहि पुस्तकांत उत्तर सांपडलें नाहीं, ती आमच्या मातोश्रींची. त्या वाद घालीत नसत; फक्त पानाच्या कडेला एक लहानशी पोळी, घडी घालून, ठेवून जात. ती पोळी तशीच परत जाई. दहाव्या दिवशीं त्या ताट उचलतां उचलतां थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना मीं जन्मभर आग्रहानें वाढलें. त्यांचे डोळे माझ्या वाढण्यानें गेले का रे?"

आम्हांस त्या क्षणीं कळलें कीं ती पोळी आमच्यासाठीं नव्हतीच. ती त्यांच्या मनांतील प्रश्नाची घडी होती. आम्हीं सांगितलें, "नाहीं आई. वर्षानुवर्षें साखर चढलेली राहिली, आणि डोळ्यांचा पडदा वेळेवर तपासला गेला नाहीं. तुझ्या पोळीनें कोणाचे डोळे गेले नाहींत." त्यानंतर पानाच्या कडेला पोळी आली नाहीं, दोडक्याच्या शिरांची चटणी आली, आणि तीहि आग्रहानेंच वाढलेली.

हा आहार सर्वांनीं घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. वर्षभराचा हिशेब पाहिला तर वजनाच्या बाबतींत इतर पथ्यांहून त्याचें पारडें फारसें जड ठरत नाहीं, हें तज्ज्ञांच्या तुलनांतून दिसून आलें आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये. जे इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात, त्यांनीं डॉक्टरांस न विचारतां भात सोडल्यास साखर घातक प्रमाणांत उतरूं शकते. आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांबरोबर हा आहार घेणें तर विशेषच धोक्याचें.

आमचें सांगणें एवढेंच कीं, पहिल्या पंधरवड्यांत कांहीं अडलें म्हणजे माणूस ताबडतोब अपराधी शोधूं लागतो: आपला निग्रह, घरच्यांचा आग्रह, नाहीं तर तो आहार. अपराधी सांपडला कीं प्रयोगहि संपतो. त्याऐवजीं काय कमी पडलें आणि काय नकळत आंत आलें, एवढेंच शांतपणें विचारावें. कधीं चिमूटभर मीठ कमी पडलेलें असतें; आणि कधीं घरांतील वृद्ध माणसास सांगावयाचें राहून गेलेलें एक वाक्य.