चालणाऱ्यांची कारागिरी

देहूरोडला पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला जवळ संतांचं गाव आहे हे चटकन कळत नाही. समोर दिसतात लष्कराच्या लांबच लांब भिंती, दारूगोळ्याचा डेपो, चाकणकडे वळणारे कंटेनर. इंद्रायणीच्या दिशेने थोडं आत गेलं, की देहूत दुकानांच्या दारात पखवाज टांगलेले दिसू लागतात.

हे पखवाज पाहिले, की मला बंगालातलं बिष्णुपूर आठवतं. तिथले मल्ल राजे सतराव्या शतकात देवळं बांधत होते. त्या मुलखात दगडाची वानवा, म्हणून त्यांनी विटा रचल्या आणि भाजलेल्या मातीच्या फरशांवर कृष्णलीला उमटवल्या. तिथलं श्यामराय मंदिर १६४३चं. तेव्हा आमचे तुकोबा देहूत अभंग रचत होते. बिष्णुपूरच्या कारागिरांना दरबार होता. देहूच्या कारागिरांचं गिऱ्हाईक वारकरी, आणि १६८५मध्ये तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखी सुरू केल्यापासून तर हे गिऱ्हाईक दरसाल पंढरीची वाट तुडवणारं. त्यामुळे इथल्या हुन्नराने भिंती धरल्या नाहीत. तो गळ्यात, हातात, खांद्यावर मावेल एवढाच राहिला. आता गाथामंदिरात संगमरवरावर हजारो अभंग कोरलेत. भव्य आहे ते, पण माझा जीव रमतो तो पखवाज मढवणाऱ्याच्या दुकानात.

खैराचं किंवा शिसवीचं खोड आतून पोखरायचं. दोन तोंडं, दोन स्वभाव. उजव्या, लहान तोंडाच्या चामडी पुडीवर शाई चढवायची : लोखंडाचा कीस आणि शिजलेल्या भाताची खळ यांचा काळा लगदा. पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, मग त्यावर दुसरा. घाई केली की शाई तडकते आणि पखवाज फुटक्या मडक्यासारखा बोलतो. डाव्या तोंडाला, धुमेला, शाई नसतेच; वाजवायच्या वेळी ओली कणीक थापायची, उठताना खरवडून काढायची. कणीक वाढवली की आवाज खाली उतरतो. पुड्या ताणणाऱ्या चामडी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकत स्वर लावायचा, तोही कानानेच.

बिष्णुपूरच्या ध्रुपदालाही पखवाजाचीच साथ. पण तिथे तो बैठकीत मांडीपुढे आडवा असतो. इथे गळ्यात अडकवून यवत, बारामती, इंदापूर करत पंढरपूरला जातो. त्यात प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीचं, म्हणजे वाट पावसाची. दमट हवेत चामडं सैलावतं, आवाज बसतो. म्हणून ज्येष्ठ लागण्याआधीच देहू-आळंदीच्या दुकानांत पुड्या बदलण्याची घाई उडते.

टाळ घेणारेही बघण्यासारखे. काशाच्या दोन वाट्या एकमेकींवर हलकेच टेकवून डोळे मिटतात. नाद लांबला नाही की टाळ बाजूला, पुढची जोडी. तुळशीच्या वाळक्या काटक्यांपासून घडवलेली एकशे आठ मण्यांची माळ त्या मानाने मुकाट विकली जाते. शेजारी प्लास्टिकचीही लटकत असते. ती मला अजून पटलेली नाही.

देहूतून पुन्हा देहूरोडला आलं, की आणखी एक ठेवा भेटतो, तो लांबून आलेला. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी इथल्या विहारात बसवली. पांढऱ्या कपड्यांची एक गर्दी आषाढीच्या आधी या रस्त्याने जाते, दुसरी दर वर्षी त्या तारखेला इथे येते.

पुन्हा पखवाजाकडे वळतो. आता चामडी वाद्यांऐवजी नट-बोल्टने ताणलेले पखवाजही मिळतात. कारखान्यांच्या या पट्ट्यात त्याचं नवल कशाला! जुने वादक नाक मुरडतात. मला मात्र कंपनीतली पाळी संपवून भजनाला आलेला, खिशातून पाना काढून स्वर चढवणारा पोरगा बरा वाटतो; भर पावसात गठ्ठे ठोकत बसायला त्याला वेळ कुठला? शाई अजून घोटावीच लागते, तिथे पान्याचा उपयोग नाही. आणि धुमेला कणीकच हवी, ती मुक्कामाच्या गावात कुणाच्याही परातीतून मागून आणता येते.