परात, पाणी आणि माती

ओल्या वस्तूसाठी मराठीत किती शब्द आहेत, याची मोजदाद आम्ही एकदा देवासच्या कोर्टात बसून केली होती. पक्षकार आलेले नव्हते, तारीख पुढे जाणार हे उघड होते, आणि रिकाम्या वकिलाला काहीतरी लिहीत असल्याचे दाखवावेच लागते. ओला, ओलसर, दमट, सर्द, भिजका, चिंब, निथळता इथपर्यंत लेखणी सुरळीत चालली. पुढे चिखलाकडे वळलो, तेव्हा चिकचिक, राड, रेंदा, रबरबीत, लिबलिबीत, बुळबुळीत, गिच्च अशी रांग लागली आणि फाईलच्या पाठीवरची जागा संपली.

नंतर मनात आले, की हे शब्द आम्हांस शिकविले कोणी? शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी, कायद्याचे पुस्तक इंग्रजी आणि कोर्टाचा कारभार हिंदी. मराठी पुस्तके वाचली ती पुढे, हौसेने. ‘बुळबुळीत’ हा शब्द कोणी पुस्तकातून शिकत नाही. भेंडी चिरताना जवळ बसलेल्या पोराने तिला बोट लावलेले असते आणि त्याच क्षणी कोणीतरी तो शब्द उच्चारलेला असतो. स्पर्श आणि शब्द एकदमच पदरात पडतात.

धार-देवासच्या मराठी माणसाला ही गोष्ट अंमळ जास्त जाणवते. 1728 च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याची लढाई जिंकली, आणि त्याच सुमारास पवारांची घराणी माळव्यात स्थिरावली: धारेस एक, देवासेस दोन. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा सवतासुभा तर असा, की एकाच गावात दोन राज्ये नांदत होती आणि रस्त्याची एक बाजू एका दरबाराची, तर समोरची दुसऱ्याची. रांगत रांगत समोरच्या ओट्यावर गेलेले मूल कायद्याने परराज्यात दाखल होत असे. सुदैवाने त्यावर कोणी वकीलपत्र घेतल्याचे ऐकिवात नाही. 1948 साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि 1956 पासून आपण सारे मध्य प्रदेशचे. दरबार गेले, तसा मराठीचा बाहेरचा मानही गेला. राहिली ती उंबऱ्याच्या आत, स्वयंपाकघरात आणि देवघरात. म्हणून स्वयंपाकघराचे दार मुलाला बंद झाले, तर मराठीचेही अर्धे दार बंद होते, असे आमचे मत आहे.

हे मत आम्ही बोलून दाखविण्याचे निमित्त आमची पुतणी. वय सव्वादोन वर्षे. धाकटी भावजय एका बँकेत काम करते. शिकलेली, समंजस आणि दुपारनंतर दमलेली. घरात रंगीत प्लास्टिकच्या खेळण्यांचा एक खोका भरलेला आहे. त्यांतील प्रत्येक खेळणे हाताला अगदी सारखेच लागते, हे डोळे मिटून पाहणाऱ्यास तत्काळ कळेल. मूल दोन दिवसांत कंटाळते, मग मोबाईल हाती येतो. एका संध्याकाळी भावजय आम्हांसच म्हणाली, “दादा, हिला खेळायला द्यावं तरी काय? बाजारात आता काही आणायचं उरलं नाही.” उत्तर आमच्या आईने दिले. आईचे माहेर धारचे, वय पंचाहत्तर. ती म्हणाली, “परात दे.”

दुसऱ्या दिवशी ओसरीवर जुने लुगडे अंथरले, त्यावर पितळी परात ठेवली आणि परातीत दोन वाट्या रवा ओतला. पुतणीने प्रथम एक बोट घातले, मग पंजा, मग दोन्ही हात कोपरापर्यंत. पाऊण तास ती मुलगी जागची हलली नाही. रवा मुठीत घ्यावा, बोटांच्या फटीतून सोडावा, परातीच्या काठावर त्याचा बारीक आवाज ऐकावा आणि पुन्हा मूठ भरावी. “कसं लागतं गं?” आईने विचारले. “खल्ल,” ती म्हणाली. “हो, रवाळ लागतं,” आई म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. शिकवणीचा स्वर तिने मुळीच लावला नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पुढच्या दिवसांत परातीत एकेक नवे धान्य, एकेक पीठ आले. तांदळाची पिठी मऊसूत, गालाला लावावी अशी. ज्वारीचे पीठ भुरभुरीत. बेसन बोटाला चिकटून बसणारे. बाफल्यांसाठी जाडसर दळलेले गव्हाचे पीठ भरभरीत. मग त्यांत पाणी पडले आणि खरी गंमत सुरू झाली. कणकेचा गोळा ओढला की लांबतो आणि सोडला की मागे येतो. ज्वारीचा गोळा ओढला की तुटतो. गव्हात ग्लूटेन नावाचे चिवट प्रथिन आहे आणि ज्वारीत नाही, हे शास्त्र पुतणीला कळण्यास अवकाश आहे. पण दोन्ही गोळ्यांत फरक आहे हे तिच्या बोटांस कळले, आणि ‘चिवट’ हा शब्द तिने त्याच दुपारी उचलला. रात्री तिने तो आपल्या वडिलांच्या कानाच्या पाळीला लावला. आमचा धाकटा भाऊ यावर काही बोलला नाही.

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांच्या मनात दोन शंका येतील. पहिली अशी, की अन्न हे पूर्णब्रह्म; त्याशी खेळ कसा? आईने हा प्रश्न आधीच सोडविला होता. खेळातल्या कणकेची जाड पोळी होई आणि गाईपुढे जाई, रवा चिमण्यांना. वाया एक कण जात नसे आणि पोळी गाईने खाल्ली हे पाहण्याचाही एक कार्यक्रम होई. दुसरी शंका सोवळ्याची. आमच्याच घरी, आम्ही लहान असताना, स्वयंपाकघरात मुलांनी शिवाशिव करू नये असा कडक दंडक होता. आईचे आता म्हणणे असे, की सोवळे नैवेद्याच्या दिवशी पाळावे आणि एरवी ओसरी मुलांची. देवघरात मात्र ती पुतणीला रोज नेते. सहाणेवर चंदनाचे खोड फिरत असते, गंध दाट होत जाते आणि त्या गार गंधात एक बोट बुडविण्याचा हक्क पुतणीचा. निर्माल्यातील फुले वेगळ्या ताम्हनात घालून पाकळ्या सुट्या करणे हेही काम तिचेच. झेंडूची पाकळी आणि जास्वंदीची पाकळी यांतला भेद ती आता न पाहता सांगते.

ही सारी आजीबाईंची करमणूक आहे, असे कोणास वाटू नये. आमच्याच धंद्यातील एका गृहस्थाने यासाठी वकिली सोडली. गिजुभाई बधेका वढवाणला वकिली करीत होते. 1913 साली त्यांना मुलगा झाला, त्याला वाढवावे कसे या विचारात ते पडले आणि मारिया माँटेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले. माँटेसरी या मूळच्या डॉक्टर. 1907 साली रोममधील गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. खरखरीत आणि गुळगुळीत फळ्या, वजनाला हलके-भारी तुकडे, हलविले असता वेगवेगळा नाद करणाऱ्या नळ्या अशी साधने त्यांनी बनविली आणि मुलाची बुद्धी हातातून वाढते असे मांडले. गिजुभाईंनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढले. लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणत. वकिलाला याहून मोठी पदवी मिळाल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात आल्या आणि 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ. माँटेसरींची लाकडी साधने सुबक, पण महाग. बोर्डीच्या मुलांपुढे या दोघींनी शंखशिंपले, दगड, पाने आणि बिया ठेवल्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. पुढे 1975 साली सरकारने देशभर जी बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांचेही नाव अंगणवाडीच. आमच्या आईने यांतले काही वाचलेले नाही. तिची परात आणि कोसबाडचे शिंपले यांची जात मात्र एकच.

आता सावधगिरीचे चार शब्द, कारण वकिलाला अपघात आधी दिसतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती सुटे चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, मणी देऊ नयेत. ते नाकात जातात, श्वासनलिकेत अडकतात. गुंज तर घरातच नको. तिचा लालभडक रंग मुलाला बोलावतो आणि चावलेली गुंज विषारी असते. आईने चिंचोके जाड खादीच्या पिशवीत घालून तोंड दुहेरी शिवले. पिशवी हलविली की खळखळते, दाबली की आतले दाणे बोटांना कळतात आणि गिळण्यासारखे काही हाती लागत नाही. दुसऱ्या पिशवीत कापूस, तिसरीत कोंडा, चौथीत सुकी पाने. पाठीमागे हात करून कोणती कोणती हे ओळखायचे. पाण्याचे घंगाळ दिले तर मोठ्या माणसाने तिथून उठू नये, दारावर कोणीही आले तरी. चार बोटे पाण्यातही लहान मूल बुडते. कच्चे पीठ तोंडात जाऊ देऊ नये आणि खेळानंतर हात धुवावेत. वासाच्या खेळात ओवा, बडीशेप, वेलदोडा, पुदिना चालतील. कापराचा वास आजीच्या हातूनच घ्यावा, कारण कापराची वडी पोटात गेली तर मुलाला झटके येतात.

राहता राहिली माती. यंदा मृगाचा पाऊस पडल्यावर आम्ही सारे धारेस आजोळच्या वाड्यात गेलो होतो. माळव्याची काळी माती ही हट्टी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की ती फुगते, भेगा मिटतात आणि पायाला असा गोळा धरते की चप्पल मागे राहते. कोकणात, गोव्यात, कारवारकडे वाढलेल्या वाचकांस जांभ्याची तांबडी माती ठाऊक असेल. ती हाताला रंग देते, पण अशी धरून ठेवत नाही. पुतणी त्या चिखलात उभी राहिली आणि पाय निघेना म्हणून प्रथम रडली. मग पाय निघताना होणारा ‘पचक’ असा आवाज तिने ऐकला आणि तोच खेळ झाला. शेजारच्या माळवी मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा मांडतात, फुलांनी सजवतात, रोज नवी आकृती. आमच्या बहिणींनीही लहानपणी त्यांच्याबरोबर संजा मांडली आणि पुढे नवरात्रात भोंडल्याचा फेरही धरला. शेणाला हात लावण्याची किळस त्या काळी मुलींना नव्हती. आज ती आयांना आहे.

मोबाईलविषयी आम्ही भांडत नाही. आमचाही दिवस त्यावरच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले, की एक वर्षाच्या मुलापुढे पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसात तासाहून अधिक नको, कमी तितके बरे. आमची तक्रार वेगळी आहे. पडद्यावर रवा दिसतो, चिखल दिसतो, पाऊसही दिसतो, आणि बोटाला सर्वांची एकच काच लागते. त्या काचेला एकच विशेषण पुरते. आमच्या आप्तांतले इंदूरचे एक पाच वर्षांचे मूल मराठी समजते. पण भेंडी, मध, डिंक आणि ओली कणीक या चौघांना ते ‘चिपचिपा’ म्हणते. हा हिंदीचा दोष नव्हे. हिंदीत आणि माळवीतही अशा शब्दांची रेलचेल आहे. ते त्याला त्या भाषांतही मिळालेले नाहीत.

आमच्या घरी आता दुपारी चार ते पाच ओसरी पुतणीची असते. खर्च म्हणाल तर महिन्याला किलोभर रवा आणि थोडे पीठ. अडचण एकच उरली होती, ती केराची. रवा जोत्यापर्यंत जातो आणि मुंग्या येतात. बुरडाकडून आईने एक वीतभर सूप करवून आणले आणि बाजारातून लहान केरसुणी. पाच वाजले की पुतणी केर काढते, म्हणजे सारखा करते, म्हणजे पसरते. भावजय पाठोपाठ येऊन खरा केर काढते, आणि त्या वेळी दोघींचे जे बोलणे चालते, त्यात परवा ‘कचकच’ आणि ‘खरखर’ यांवरून वाद झाला. आईने निकाल राखून ठेवला आहे.