गोट्या बोक्याच्या खाण्याविषयी

चि. मृण्मयीस,


गोट्याचं वजन पावणेसात किलो भरलं आणि डॉक्टरांनी ते पाचवर आणायला सांगितलं, हे कळलं. पण त्याखाली तू लिहिलंयस, 'नवं खाणं तोंडाला लावत नाही. आता दुसरं काही देणारच नाही, भूक लागली की खाईल आपोआप.' ते वाचून लगेच लिहायला बसले. बाळा, असं मुळीच करू नकोस. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, की अंगावरची चरबी यकृतात उतरते आणि तिथेच साचत जाते. हिरड्या पिवळ्या पडतात, नळीने अन्न भरवायची वेळ येते, कधी जीवही जातो. गोट्याने दिवसभर काही खाल्लं नाही, तर हट्ट सोडून जुनं खाणं पुढे कर. तेही नाकारलं, तर थेट डॉक्टरांकडे ने.

घाई नको. आठवड्याला 50-60 ग्रॅम उतरले तरी पुष्कळ झाले, म्हणजे सात-आठ महिने धर. वजनकाटा रोज बघू नकोस, हाताने बघ. बरगड्यांवरून बोटं फिरव. आपल्या हाताच्या पालथ्या बाजूला हाडं जशी लागतात, तशा त्या लागायला हव्यात.

आता हिशेब. पाच किलोचं लक्ष्य धरलं, तर दिवसाला साधारण 190 कॅलरी पुरतात. नेमका आकडा डॉक्टर सांगतील. कोरड्या दाण्यांत 100 ग्रॅमला 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम 50 ग्रॅम येतात. तेवढ्याने त्याचं पोट भरणार नाही आणि तो पायात घोटाळत ओरडत राहील. ओल्या खाण्यात तीन-चतुर्थांश पाणीच, म्हणून तेवढ्याच कॅलरीत जवळपास 200 ग्रॅम बसतं. शिवाय मांजरं मुळात पाणी कमी पितात आणि बोक्यांची लघवी अडण्याचं दुखणं फार वाईट. त्यामुळे माझा कौल ओल्या खाण्याला. काहीही दे, पण काट्यावर तोलून दे. भरलेली वाटी दिवसभर समोर ठेवायची पद्धत बंद कर.

नखरे त्याचे नाकाशी बांधलेले आहेत. मांजराला गोड चव कळतच नाही. ते वासावर जेवतं आणि फ्रीजमधल्या गार खाण्याला वास नसतो. गरम पाण्यात पाकीट जरा वेळ बुडवून खाणं कोमट कर, पसरट बशीत वाढ, वरून त्याचेच जुने चार दाणे चुरडून टाक. त्याला आधी नुसतं हुंगू दे, मागे लागू नकोस. पहिले काही दिवस नव्याचा वाटा अगदी चमचाभर, मग वाढवत ने. दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील.

राहिलं सासूबाईंचं दूध-पोळी भरवणं. म्हशीचं 100 मिली दूध म्हणजे सुमारे 100 कॅलरी, त्याचं निम्मं जेवण तिथेच संपलं! बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. मांजर पक्कं मांसाहारी. त्याला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य पोळीत नसतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय कमजोर होतं, हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं. तेव्हा तयार खाणं खाणाऱ्या मांजरांतही ते कमी पडत होतं. त्यानंतर कंपन्यांनी त्याचं प्रमाण वाढवलं. म्हणून मुख्य जेवण मोठ्या मांजरासाठी 'संपूर्ण आहार' असं छापलेलंच घे.

पण सासूबाईंना 'देऊ नका' म्हणू नकोस. त्या मायेने देतात आणि गोट्याही त्यांच्याच मागे फिरतो. सकाळचं जेवण तोलून त्यांच्या हाती सोपव. लाड करावेसे वाटले, तर उकडलेल्या चिकनचा दोन पेरांएवढा तुकडा किंवा काटे काढलेली एखादी मांदेली त्यांनीच द्यावी. त्यात मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर बिलकूल नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि ते 190 मध्येच मोजा.

रक्त तपासून घेतलंस का? जाड बोक्यांना मधुमेह होतो, म्हणून विचारते. रिपोर्ट आला की फोन कर.

तुझी,
सुमामावशी