चाचा आणि बर्गी

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चित्रपटमालिकेचा 'ॲट वर्ल्ड्स एंड' हा तिसरा भाग २००७च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत त्याची डीव्हीडी बाजारात आली. पडद्यावरचा चित्रपट आणि घरातली तबकडी यांतील भेद केवळ सोयीचा नाही. चित्रपटगृहात प्रेक्षक प्रतिमांच्या ओघाबरोबर वाहत जातो. घरी त्याला तो ओघ अडवता येतो, मागे जाता येते, एखाद्या नावापाशी थबकता येते. एरवी वाचकाकडे असलेला हा अधिकार तबकडीने प्रेक्षकाच्या हाती दिला. मराठी प्रेक्षकाने या चित्रपटात ज्या नावापाशी थांबावे असे एक नाव आहे : श्री संभाजी.

जगातील नऊ चाचे-प्रमुखांची सभा भरते. त्यात हिंदी महासागराचा प्रमुख म्हणून भरजरी पागोट्यातील एक गृहस्थ बसलेले दिसतात. चित्रपटाच्या पूरक साहित्यात त्यांना 'आंग्रिया' हे आडनावही मिळाले आहे. ही भूमिका मार्शल मानेश या इराणी-अमेरिकी नटाने केली आहे. सभेत ते स्वतः बोलत नाहीत; त्यांचे म्हणणे त्यांचे सेवक सांगतात. अखेरीस ते तोंड उघडतात तेव्हा निघणारा बारीक आवाज हा विनोदाचा विषय होतो. गायत्री स्पिवाक यांनी १९८८मध्ये अंकितांच्या वाणीविषयी जो प्रश्न विचारला, त्याचे इतके ढोबळ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

इतिहासातील आंग्रे मुके नव्हते. १७२४मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, परधनाची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, असे कान्होजींनी स्पष्टपणे सुनावले होते. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल होते. आपल्या दस्तकाविना जहाजांनी फिरू नये, हा त्यांचा आग्रह पोर्तुगीजांच्या 'कार्ताझ' पद्धतीहून तत्त्वतः निराळा नव्हता. एकाचा परवाना कायदा ठरला आणि दुसऱ्याचा दरोडा, याचे कारण कृतीत नसून नाव देणाऱ्याच्या अधिकारात आहे. कान्होजींचे पुत्र संभाजी यांनी १७३५मध्ये कंपनीचे 'डर्बी' हे जहाज पकडले, तेव्हा कंपनीच्या दृष्टीने ते 'पायरेट' ठरणे अटळ होते. जॉन बिडल्फने १९०७मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'मलबारचे चाचे' आहेत. हॉलिवुडने नाव घेतले ते याच परंपरेतून.

येथे या चित्रपटातील अंतर्विरोध लक्षात घेतला पाहिजे. त्यात खलपुरुष आहे तो ईस्ट इंडिया कंपनीच. आरंभीच ती माणसांना रांगेने फासावर चढवते. म्हणजे चित्रपट कंपनीला विरोध करतो, परंतु कंपनीचे शब्दभांडार मात्र सोडत नाही. 'चाचा' या शब्दाचे मूल्य तो उलटवतो, शिवीचे बिरुद करतो. तो शब्द कोणी, कोणाला आणि कशासाठी लावला, हे विचारत नाही. मूल्य उलटवल्याने अर्थव्यवस्था मोडत नाही, हे संरचनावादोत्तर समीक्षेने सांगितलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते.

यावर मराठी मनाच्या दोन प्रतिक्रिया संभवतात. एक संतापाची : आमच्या आरमारप्रमुखाचे हे विडंबन! दुसरी अभिमानाची : जगाने आमचे नाव घेतले! स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१मध्ये मुंबईतील आपल्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिले, त्यामुळे अभिमानाला अधिष्ठानही आहे. पण दोन्ही प्रतिक्रिया एक गोष्ट झाकून ठेवतात. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह चालून गेले आणि आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांशी हातमिळवणी केलेली पेशव्यांची फौज जमिनीवर उभी होती. तुळाजी आंग्रे त्यानंतर कैदेत पडले ते पेशव्यांच्या. आंग्र्यांना उच्छेदार्ह ठरवण्यात पुण्याचाही वाटा होता.

नागपूरच्या वाचकाला तर याहून अवघड प्रश्नास सामोरे जावे लागते. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या शहराला चाच्यांशी काय कर्तव्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संभाजी आंग्रे ज्या १७४२ साली निवर्तले, त्याच साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालात शिरल्या. भयभीत कलकत्त्याभोवती तेव्हा जो खंदक खणला गेला, तो 'मराठा डिच' म्हणूनच ओळखला गेला. १७५१च्या तहाने नागपूरला ओरिसाचा महसूल आणि सालिना बारा लाखांची चौथाई मिळाली. बंगालीला मिळाला तो 'बर्गी' हा शब्द. 'बारगीर' म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा शिपाई. मराठी दप्तरातली ही साधी हुद्देवाचक संज्ञा बंगाली अंगाईगीतात बागुलबुवा झाली. गंगाराम याच्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात या स्वाऱ्यांतील अत्याचारांचे वर्णन आहे. ते कंपनीच्या कारकुनाने लिहिलेले नाही.

म्हणजे 'चाचा' हे वसाहतवादी कुभांड म्हणून नाकारणाऱ्याला 'बर्गी' हा शब्द त्याच युक्तिवादाने झटकता येत नाही. पहिले नाव प्रतिस्पर्धी सत्तेने दिलेले आहे, दुसरे पीडितांनी. दोन्ही 'लुटारू' या एकाच अर्थाकडे निर्देश करतात. त्यांचे नैतिक वजन मात्र एक नाही. याच नागपुरात तिसरीही पाटी वाचावी लागते. १८५३मध्ये तिसरे रघूजी निवर्तल्यावर डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्याचे हत्ती-घोडे सीताबर्डीत विकले गेले आणि जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास रवाना झाले. राज्यकारभाराच्या भाषेत ही व्यवस्था होती. 'लूट' हा आपल्याकडचा शब्द इंग्रजीने तोवर आत्मसात केला होता. स्वतःच्या या कृतीला तो लावण्याची गरज मात्र राज्यकर्त्यांना भासली नाही.

तेव्हा उपेक्षितांच्या बाजूने केलेले वाचन हे केवळ आपल्या बाजूने केलेले वाचन ठरू नये, ही सावधगिरी समीक्षकाने बाळगावयास हवी. एडवर्ड सईद यांच्या विवेचनाचा आधार घेऊन पागोट्यातल्या संभाजीच्या चित्रणातील पौर्वात्यवाद उघडा पाडणे सोपे आहे, आणि ते केलेच पाहिजे. पण तीच नजर बखरींकडे, शालेय क्रमिक पुस्तकांकडे आणि अटकेपार झेंड्याच्या आपल्या लाडक्या वाक्प्रचारांकडे वळवणे अवघड आहे. भाषेच्या अभ्यासकाचे खरे काम या अवघड जागी सुरू होते. कोणत्याही समाजाच्या शब्दकोशात त्याने इतरांना दिलेली नावे ठळक असतात; इतरांनी त्याला दिलेली नावे शोधायला दुसऱ्याच्या भाषेत जावे लागते. मराठीच्या विद्यार्थ्याने बंगाली शिकावी, यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.