भिंतीआडचे काही सेकंद

बिन्नागुडीला पाऊस लागून राहिलाय आणि एमआय रूममध्ये रांग आहे ती पायाला चिखल्या झालेल्यांची. त्यामुळे आज व्हिडिओ गेमबद्दल. हसू नका. मुलगा बारावीत आहे, एनडीएचा फॉर्म भरायचा म्हणतोय, आणि लढाई म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा ‘कॉल ऑफ ड्यूटी’नेच जास्त शिकवलंय. मी पडलो नर्सिंग असिस्टंट. बंदुका, नकाशे त्याच्याकडे. मी एवढंच बघतो, की गोळी लागल्यावर काय होतं.

2003 चा पहिला भाग कॉम्प्युटरवर आला, दुसऱ्या महायुद्धाचा. शिपायाला जिवाची एक पट्टी असायची. गोळी लागली की ती उतरायची आणि औषधाची पेटी सापडेपर्यंत उतरलेलीच राहायची. (आमच्या लहानपणीच्या कॉन्ट्रात तर पट्टीच नव्हती, एक गोळी की खलास.)

2005 मध्ये एक्सबॉक्स 360 सोबत दुसरा भाग आला आणि पट्टी गायब झाली. गोळ्या लागल्या की स्क्रीन लाल होतो, धाप ऐकू येते, आणि काही सेकंद भिंतीआड दबून बसलं की माणूस ठणठणीत. त्याआधी 2001 च्या ‘हेलो’मध्येही आपोआप भरून यायचं, पण ते चिलखताचं कवच होतं, अंग नव्हे. बनवणाऱ्यांना ही मोठी सोय झाली. पेट्या कुठे ठेवायच्या हा हिशोब संपला, खेळणारा अर्धमेला होऊन अडकत नाही, चकमक हवी तेवढी तापवता येते. गेम पळायला लागला, आणि इतरांनीही हे भराभर उचललं.

2007 च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये मात्र त्यांनी खेळणाऱ्याची ही सवय एकदा मुद्दाम मोडली. अणुस्फोटात हेलिकॉप्टर कोसळतं. आत असलेला मरीन सार्जंट म्हणजे आपणच. रांगत बाहेर यायचं, थोडं चालायचं, आणि मरायचं. कुठली भिंत कामाला येत नाही. “पप्पा, मला वाटलं कंट्रोलर बिघडला,” मुलगा म्हणाला. सगळ्या मालिकेत मला पटलेली ही एक जागा.

दुसरी 2017 ची. प्लेस्टेशन 4 च्या काळात मालिका अंतराळापर्यंत जाऊन पुन्हा महायुद्धात उतरली, आणि त्या कथेत आपोआप बरं होणं काढून टाकलं. झुसमन नावाचा साथीदार मलमपट्टीचं सामान टाकतो, तेही आपण त्याच्या जवळ असलो तर. फौजेत आपण बडी म्हणतो तो हाच. 2019 ला भिंत परत आली. विकायचं असतं, ठीक आहे.

पण मांडीची मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. खोऱ्यातल्या पोस्टिंगवर एका जवानाच्या जांघेत माझी मूठ रुतलेली होती, हेलिकॉप्टर येईपर्यंत काढली नाही. तो सतत पाणी मागत होता. मी दिलं नाही. तो वाचला, पाय नाही वाचला. हे मी घरी कधी बोललो नव्हतो. परवा बोललो, कारण फॉर्मवर सही माझी मागत होता.

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बांधायचं कसं ते दाखवा.”

फर्स्ट फील्ड ड्रेसिंग काढली. जखमी माणसाला त्याच्याच खिशातली ड्रेसिंग वापरायची, आपली आपल्यासाठी ठेवायची, हे त्याला विचित्र वाटलं. टूर्निकेट घट्ट केल्यावर ओरडला. म्हटलं, खरं याहून घट्ट असतं, आणि लावल्याची वेळ लिहून ठेवायची असते.

“कुठे लिहायची?”

मार्करने त्याच्या कपाळावर लिहिली. तो तसाच जेवायला बसला. त्याची आई मला काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. फॉर्म अजून फ्रिजवर आहे, मुदतीला चार दिवस बाकी आहेत.