वारंवार

माथेरानमध्ये दस्तुरीच्या पुढे मोटार येत नाही, आमच्या लहानपणीही येत नव्हती. त्यामुळे घरात नवी वस्तू आणायची म्हटलं की आजी किंमत विचारण्याआधी वजन विचारायची. कारण जे काही वर यायचं ते नेरळहून छोट्या आगगाडीने, घोड्याच्या पाठीवर, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावर. पाण्याचा हंडा तांब्याचा, बादली लोखंडी पत्र्याची, तेलाचा डबाही पत्र्याचा. हमाल ओटीवर ओझं उतरवायचा तेव्हा त्याच्या मानेवरची ताणलेली शीर आम्हा मुलांना स्पष्ट दिसायची. आजी आधी त्याला पाणी द्यायची, मग सामान मोजायची.

अशा घरांत 1960 च्या दशकात प्लॅस्टिकची पहिली बादली आली. आमच्याकडे आली ती निळी होती, शेजारी हिरवी. ती उचलून पाहायला आळीतल्या सगळ्या बायका जमल्या. रिकामी बादली एका बोटावर तोलून धरता येते याचं आईला इतकं अप्रूप वाटलं की तो दिवसभर ती हसतच होती. मग एकेक करत बाकीचं आलं. मामांनी मुंबईहून आणलेली आईची नायलॉनची साडी, दादाचा टेरिलीनचा शर्ट, पावसाळी चपला, दुधाचे डबे झाकायला पारदर्शक पिशव्या.

माथेरानचा पाऊस ज्यांनी काढला आहे त्यांना या वस्तूंचं मोल वेगळं सांगायला नको. जूनच्या आत ओटीच्या उघड्या बाजूंना गवताचे पडदे बांधायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा. पावसाने गाडी बंद झाली की वर-खाली जाणं आणखी अवघड. चार महिने कपडे शेगडीवर वाळायचे, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरायची, काथ्याची दोरी एका मोसमात कुजायची. बाबांनी पहिल्यांदा नायलॉनची दोरी बांधली, ती पावसाळा संपला तरी तशीच ताठ. इरल्यांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आणि कातकरी बायका मोळ्या घेऊन उतरताना तो अंगावर ओढून घेऊ लागल्या.

या सगळ्या वस्तूंचं एक आडनाव आहे, हे पुढे शिकायला खाली उतरलो तेव्हा कळलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘पॉलिमर’. ग्रीक भाषेत पॉली म्हणजे पुष्कळ आणि मेरॉस म्हणजे भाग. शेजारी मराठी शब्द लिहिला, ‘बहुवारिक’, आणि त्यातल्या ‘वार’वर खडूने रेघ ओढली. वारंवारमधला वार. एकच लहान रेणू पुन्हा पुन्हा जोडत गेला की बहुवारिक होतं. सुटा असतो तोवर तो एकवारिक. वर्गातली मुलं साखळीचं चित्र काढत होती. आम्हा माथेरानकरांच्या डोळ्यांपुढे मात्र आमची गाडी उभी राहिली. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. तेच ते डबे, एकामागे एक जोडलेले, आणि जोड असा की वळणावर सगळी गाडी वाकते पण तुटत नाही. पॉलिथिनच्या एका रेणूत असे हजारो डबे असतात, हे ऐकून तर आम्ही थक्क झालो.

शब्दाची गोष्टही सरांनी मन लावून सांगितली. स्वीडनचे बर्झेलियस यांनी 1833 मध्ये तो वापरला तेव्हा त्यांच्या मनात लांब साखळी नव्हतीच. दोन पदार्थांत अणूंचं प्रमाण सारखं, पण एकात त्यांची संख्या पटीने जास्त, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आज आपण जो अर्थ घेतो तो यायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली. 1920 मध्ये जर्मनीचे हेरमान श्टाउडिंगर यांनी मांडलं की रबरासारखे पदार्थ म्हणजे हजारो घटकांचे, पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेले प्रचंड रेणू आहेत. बड्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. त्यांच्या मते लहान रेणू नुसते एकमेकांना चिकटून बसलेले होते; जणू यार्डात डबे जवळजवळ उभे आहेत, जोडलेले नाहीत. श्टाउडिंगर मागे हटले नाहीत. 1953 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

तो धडा ऐकताना घरातली एक जुनी गोष्ट उलगडली. बादलीला चीर गेली की आई जुनं उलथनं चुलीत लाल करून चिरेवर फिरवायची आणि फुटक्या मगाचा तुकडा त्यावर वितळवून डाग द्यायची. उष्णतेने साखळ्या मोकळ्या होऊन एकमेकींवरून सरकतात, गुंततात आणि गार झाल्यावर तशाच थिजतात. दिव्याचं काळं बटण फुटलं तेव्हा मात्र तिचा उपाय चालला नाही. ते बॅकेलाइट. त्यात साखळ्या आडव्याही जोडलेल्या असतात, सगळी मिळून एक जाळी होते, ती पुन्हा वितळत नाही. लिओ बेकलंड यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला 1907 साली, आणि आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली आमची गाडी सुरू झाली तीही 1907 सालीच. ही जोडी मला अजून विसरता येत नाही.

बहुवारिकं आमच्या घरात प्लॅस्टिकच्या आधीही होतीच. गोधडीतला कापूस, काथ्या, चपलेचं चामडं, भातातलं पिष्ट, सगळ्या लांब साखळ्याच. पण त्यांचे डबे सोडवायची कला मातीतल्या बुरशीला, जिवाणूंना लाखो वर्षांपासून येते. म्हणूनच आमची दोरी कुजायची. पॉलिथिनचा जोड सोडवणं मात्र त्यांना जवळजवळ जमत नाही. ज्या गुणासाठी आम्ही त्याला घरात घेतलं, तोच रानात गेल्यावर दोष ठरला.

चौक पॉइंटवरून खाली खालापूरचा मुलूख दिसतो. 1982 मध्ये तिथे पाताळगंगेकाठी रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. जे पॉलिएस्टर दादाच्या टेरिलीनच्या शर्टाबरोबर नवलाईने वर आलं होतं, ते आता आमच्या डोंगराच्या पायथ्याशी तयार होऊ लागलं. तोवर आमची घरं बदलली होती. पिशवी स्वस्त झाली आणि एकदा वापरून टाकायची झाली. डोक्यावरून हलकं होऊन जे वर आलं, ते खाली न्यायला कुणी नव्हतं. दरीच्या उतारांवर, जांभळींच्या मुळांशी ते साचत राहिलं. 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली. दोन्ही हवंच होतं.

पण मला आठवते ती आई. प्रत्येक पिशवी धुऊन, उलटी करून, त्याच नायलॉनच्या दोरीवर चिमट्याने लावणारी. वाळली की घडी घालून गादीखाली ठेवायची आणि सुट्टी संपवून निघालेल्या आत्याला चिक्की बांधून द्यायला त्यातलीच एक काढायची. आमच्या आळीतल्या सगळ्या आयांच्या दोऱ्यांवर अशा पिशव्या फडफडायच्या. सरांनी फळ्यावर रेघ ओढलेला तो ‘वार’ या बायका न शिकता पाळत होत्या. वस्तू वारंवार वापरायची. ती एकवार वापरून फेकायची सवय आमच्या पिढीची, हे मला मान्य केलंच पाहिजे.

निळी बादली अजून न्हाणीघरात आहे. रंग विटला आहे. बुडाशी तीन डाग आहेत, त्यातला एक हिरवा. तो शेजारच्या मगाचा.