पहिल्या तासाची गोष्ट

नगर,
रविवार, दुपार

प्रिय छकुले,


तुझ्या फोनपासून तुझाच प्रश्न डोक्यात घोळतोय. धाकट्याला तुम्ही तिकडे ख्रिस्ती शाळेत दुसरीत घातलंत, दर आठवड्याला तो एक वचन पाठ करून येतो, आणि तू विचारलंस, "आत्या, तू मिशनच्या शाळेत एवढी वर्षं शिकवलंस, तुमच्या वर्गात काय असायचं? आणि हे सगळं आपल्याकडे सुरू कसं झालं?" फोनवर उरकण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी वर्गाचं सांगते. दिवसाचा बहुतेक वेळ इतर कुठल्याही मराठी शाळेसारखाच जायचा. बालभारतीची पुस्तकं, पाढे, शुद्धलेखन, परिसर अभ्यास. वेगळा होता तो पहिला तास. प्रार्थना, एखादं गीत आणि मग गोष्ट. लहान वर्गांना नोहाचं तारू, दावीद आणि गल्याथ. तिसरी-चौथीला येशूचे दाखले, दहा आज्ञा. माझ्याकडे फ्लॅनेलचा फळा होता. लाकडी फळीवर राखाडी फ्लॅनेल ताणून बसवलेलं आणि कागदी चित्रांच्या पाठीला त्याच कापडाचे तुकडे डकवलेले. चित्र टेकवलं की चिकटायचं, ओढलं की निघायचं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगताना चित्रं हलवायला मी मुलांनाच पुढे बोलवायची. याजक येतो, बघतो, पलीकडून निघून जातो. लेवीही तसाच जातो. मग ज्याच्याशी यहुदी लोक संबंधही ठेवत नसत, तो शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, उतारशाळेत नेऊन पैसेही भरतो.

एकदा एका मुलीनं जखमी माणसाचं चित्र हातात धरून विचारलं, "बाई, हा कुठल्या जातीचा?" मी म्हटलं, "गोष्टीत सांगितलेलंच नाही." ती विचारात पडली. मागून एक मुलगा म्हणाला, "मग मदत करायची का नाही, ते त्याला कळलं कसं?" त्या दिवशी गणिताचा तास झालाच नाही. आम्ही त्या प्रश्नावरच बोलत बसलो. माझ्या वर्गात ख्रिस्ती मुलं निम्मीही नव्हती, आणि या बोलण्यात सगळी होती.

आता हे आलं कुठून ते. तू आज राहतेस त्या अमेरिकेतूनच. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. मिस सिंथिया फॅरार ही न्यू हॅम्पशरची शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आली. लग्न न झालेली बाई एकटी एवढ्या लांब शिकवायला पाठवायची, हे बोर्डालाही नवीन होतं. १८३९ मध्ये ती नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. मुलींना शिकवायचं म्हणजे घराघरांतून त्यांना मागून आणायचं, असा तो काळ. नगरमधली तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये छापला तो 'ज्ञानोदय'ने. नगरच्या मिशननं १८४२ मध्ये सुरू केलेलं ते नियतकालिक. अस्पृश्यांवरचा अन्याय एका शाळकरी पोरीनं थेट मांडला आणि तो छापून आला, याचा मला फार अभिमान वाटतो.

मिशनऱ्यांचा हेतू मात्र झाकायला नको. मुलांनी वाचावं, बायबल वाचावं आणि ख्रिस्ती व्हावं, हे त्यांना हवं होतं आणि ते उघडपणे तसं म्हणत. बहुतेक आईबाप मुलांना अक्षरासाठी धाडत, धर्मासाठी नाही. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बायबल त्यांनी वाचलं, पण ख्रिस्ती झाले नाहीत. पेरणारा एक ठरवतो आणि उगवतं भलतंच, तसं हे झालं. माझ्या मते चांगलंच झालं.

पुढे राज्यघटनेनं हे नीट बसवलं. कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढता-चालवता येतात. पण शाळा सरकारमान्य किंवा अनुदानित असली, तर कलम २८ प्रमाणे कुठल्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आमच्याकडे पालकांना आधी विचारलं जाई. ज्यांची ना असेल त्यांची मुलं शेजारच्या वर्गात नीतिकथा वाचत. तुमच्याकडे वेगळं आहे. १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतली शाळेनं ठरवून दिलेली प्रार्थना बंद केली. धाकट्याची शाळा खाजगी, म्हणून तिथे बायबल हा रीतसर विषय.

गाण्यांचं सांगायचं राहिलं. ती टिळकांची. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला राहिले, आणि अभंग-भजनाच्या चालीत त्यांनी ख्रिस्ताला गायलं. वारकऱ्यांच्या घरची पोरं ती गीतं पहिल्या दिवसापासून म्हणायची, चाल शिकवावी लागत नसे. नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला धनगरांची मुलं पुढे. एकानं घरून आजोबांची घोंगडी आणली होती, तिला मेंढ्यांचा वास येत होता. आमचे देवदूत पांढऱ्या चादरीत अवघडून उभे, आणि हा पठ्ठ्या काठीला रेलून असा उभा की कुणीही म्हणावं, याचा कळप मागेच आहे!

तुला एकच सांगते. वचन पाठ होणं चांगलंच, पण त्यावरून शाळा जोखू नकोस. धाकट्याच्या वर्गात वेगळ्या धर्माचं, वेगळ्या रंगाचं, गरीब घरचं मूल आहे का, आणि बाई त्याच्याशी कशा बोलतात, ते बघ. गोष्टीवर प्रश्न विचारलेला त्यांना चालतो का, तेही बघ. चालत नसेल तर भेटून बोल, भीड धरू नकोस. आणि दर रविवारी त्याला फोनवर दे. तो दाखला इंग्रजीत सांगेल, मी मराठीत सांगेन.

तुझी,
आत्या